गाजराचं लाटणं

लाटणं हातात धरायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा पण. आई, मावशी आणि सासूबाई, तिघींनी आपापल्या परीनं प्रयत्न केले आणि शेवटी हात टेकले. डोंबिवलीत राहण्याचा एक मोठा फायदा असा की बाईला पोळ्या येत नसल्या तरी इथं कुणाचा संसार अडत नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक पोळीभाजी केंद्र असतं. ठाण्याच्या ऑफिसातून परत येताना मी दहा पोळ्यांचं पुडकं घ्यायची आणि माझा पण शाबूत ठेवायची. त्यामुळे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हौसेनं लाकूडकाम शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी एका सत्तरीच्या गृहस्थांनी मला "मॅडम, तुम्ही लाटणं करायचं" असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, आईनंच ह्यांना फोन केलेला दिसतोय.

एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याचा तो गाळा होता. त्यात तीन लेथ, एक खडखडणारा पंखा आणि दर रविवारी सकाळी जमणारे आम्ही दहा-बारा जण. लेथवर लाकडाचा तुकडा गरगर फिरत असतो आणि आपण त्याला पोलादी पटाशी टेकवून गोल आकार द्यायचा असतो, ह्याला कातकाम म्हणतात. आम्ही सगळे मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेलो. त्यात दाढीवाले गोरे लोक अक्रोडाच्या बुंध्यातून इतके पातळ वाडगे काढतात की पलीकडचा उजेड दिसावा. मलाही तसला एक वाडगा करून दिवाणखान्यात ठेवायचा होता. तसं मी बोलून दाखवलं.

"त्यात काय ठेवणार?" त्या सत्तरीच्या गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही. शोभेला."

"म्हणजे धूळ," ते म्हणाले, आणि माझ्या हातात गुलमोहराचा एक ओबडधोबड दांडका दिला.

त्यांना नाव होतं, पण ते घराच्या पाटीपुरतं. गाळ्यात ते सर. मूळचे कल्याणजवळच्या मोहन्याचे. कारखान्यात लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. असे नमुने करण्यात ठाण्याच्या एका कारखान्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी कारखाना काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. लाकडाच्या तुकड्याला ते 'जॉब' म्हणायचे, रविवार सकाळला 'फर्स्ट शिफ्ट' म्हणायचे आणि चहाची वेळ झाली की तोंडानं भोंगा वाजवायचे. भोंगा संपायच्या आत लेथ बंद झाले नाहीत तर त्या दिवशी चहा नाही.

अंगानं काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा. पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यांनी म्हणे फक्त स्वतःच्या लग्नात घातला, आणि तेव्हाही अंतरपाटाआड ते बाह्या दुमडत उभे होते. फिरत्या लेथपाशी काही लोंबतं असणं त्यांना खपायचं नाही. दाराशी खिळ्याला एक मोठी कात्री टांगलेली असे आणि तिच्याशेजारी सर उभे. ओढणी, हातातला गंडा, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र, जे काही लोंबत असेल ते एकतर काढा, नाहीतर कात्री आहेच.

"लेथला ओळखपत्र दाखवायला लागत नाय मॅडम. तो डायरेक्ट आत घेतो."

आम्ही दोघीच बायका. मी आणि एक दातांची डॉक्टर. आमची मंगळसूत्रं दारालगतच्या दोन खिळ्यांवर टांगलेली असायची. एकदा डॉक्टरबाईंच्या सासूबाई विसरलेला डबा द्यायला आल्या आणि ते दृश्य बघून डबा दारातच ठेवून निघून गेल्या. डॉक्टरबाईंना घरी बराच वेळ खुलासा करावा लागला.

सरांचा दुसरा शत्रू पॉलिशपेपर. पटाशी नीट चालली तर लाकूड आपसूक गुळगुळीत होतं. ज्याचा हात कच्चा तो खरबरीतपणा पेपरनं घासून लपवतो. "पॉलिशपेपर म्हणजे माफीनामा," सर म्हणायचे. म्हणून नियम असा की पेपर हातात घेण्याआधी लेथ थांबवायचा, त्या लाकडाकडे बघायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "माफ करा" म्हणायचं. आमच्या गटाचे सेक्रेटरी म्हणजे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले भारदस्त गृहस्थ. नोकरीत त्यांनी कुणाची माफी मागितली असेल असं वाटत नाही, पण दर रविवारी ते चिंचेच्या ओंडक्याची चार-चार वेळा माफी मागायचे. सरांना स्वतःला माफी मागताना मात्र आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं.

आणि लाटणं. नवा आलेला माणूस असो की जुना, सर सगळ्यांना लाटणंच करायला लावायचे. झालेलं लाटणं ते एका जाड काचेवर ठेवत आणि वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी त्याच्याखाली सरकवून बघत. पट्टी कुठंही आत शिरली तर नापास. "दोन्ही टोकं सेम पाहिजेत. नसतील तर ते लाटणं नाय, ती चूक." काचेवर पास झालेली लाटणी महिन्याच्या शेवटच्या रविवारी पिशवीत भरून ते घरी नेत. "आता इन्स्पेक्शन," म्हणत. पुढच्या रविवारी आम्ही आशेनं विचारायचो, काय झालं? ते पिशवी कोपऱ्यात उपडी करायचे. "सगळा लॉट रिजेक्ट."

इन्स्पेक्शन म्हणजे काकू, सरांच्या पत्नी. हे मला डॉक्टरबाईंनी सांगितलं. काकूंनी पंचवीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं होतं. माझा पण ज्या पोळ्यांच्या जिवावर टिकला त्या त्यांच्याच. केंद्राच्या छोट्या खिडकीतून मला आतल्या बाईंचा चेहरा कधी दिसला नव्हता, पुडकं पुढे करणारा पीठ लागलेला उजवा हात तेवढा दिसायचा. तोच हात गेला होता. अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर बोलणं परत आलं, चालणं काठीच्या आधारानं आलं, हात आला नाही. केंद्र दुसऱ्या एका बाईंनी चालवायला घेतलं. झटक्यानंतर दोन महिने सर काकूंच्या कॉटशी खुर्ची टाकून नुसते बसून होते. मग एके दिवशी काकू म्हणाल्या, "मला माझ्या हातची पोळी खायचीय." सर खुर्चीतून उठले आणि थेट गाळ्यात आले.

एका हातानं, तेही डाव्या, पोळी लाटता येईल असं लाटणं त्यांना हवं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन हातांनी लाटताना पोळी लाटण्याखाली आपली आपण फिरते. एका हातानं दाबलं की लाटणं तिरकं पळतं आणि पोळी एका अंगाला जाड राहते. सरांनी जाड लाटणी केली, बारीक केली, आखूड केली, मधोमध मूठ असलेलीही केली. आम्हाला लाटणी करायला लावण्याचं कारणही तेच. दहा हातांची दहा लाटणी, त्यातलं एखादं तरी लागू पडेल. दोन वर्षं हे चाललं होतं आणि दोन वर्षं काकू दुसऱ्यांच्या हातच्या पोळ्या खात होत्या. हे कळल्यावर मी वाडग्याचं नाव काढलं नाही.

पण सद्भावनेनं हात सुधारत नाही. मला लेथची भीती वाटायची. डावीकडे मोटारीचा भाग, तिथं लाकूड पकडणारे दात गरगर फिरत असतात. माझी पटाशी तिकडे जायलाच तयार नसे. मी आपली उजव्या टोकाशी कातत राहायची. त्या टोकाला खड्डा पडला की तो घालवायला आणखी कातायची. असं करत एका रविवारी माझं लाटणं तयार झालं, तर त्याचं डावं टोक मनगटाएवढं आणि उजवं अंगठ्याएवढं. मधे एक खळगा, तिथं पटाशी एकदा घसरलेली. सरांनी ते काचेवर ठेवलं. ते सरळ न जाता स्वतःभोवतीच गिरकी घेऊन परत आलं.

"हे गाजर कोणाचं?" सरांनी विचारलं. अख्खा गाळा हसला. मीही हसले, पण कान तापले होते. मी ते भंगाराच्या पेटीत टाकलं. डॉक्टरबाईंनी, गंमत म्हणून, ते तिथून काढून इन्स्पेक्शनच्या पिशवीत टाकलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात सरांचा फोन. "मॅडम, ते गाजर तुमचं ना?"

"सर, सॉरी, ते चुकून—"

"चुकून ना? मग संध्याकाळी घरी या. इन्स्पेक्शननं बोलवलंय."

गेले. दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरात काकू खुर्चीत बसलेल्या, पुढ्यात बुटकं टेबल, त्यावर पोळपाट. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

"अगं, तू तर दहा पोळ्या! सव्वासातला यायचीस. हे घड्याळ ओळखलं मी. खिडकीतनं मला हातच दिसायचे सगळ्यांचे."

मग त्यांनी डाव्या हातात गाजर घेतलं. त्यांचा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला. लाटी ठेवली, हात दाबला. लाटणं बारीक टोकाभोवती घुमलं, पुन्हा घुमलं, आणि त्याच्याबरोबर पोळीही हळूहळू फिरू लागली. दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते माझ्यासमोर झालं. पोळी सरांनी भाजली. काकूंनी तिला तूप लावलं आणि एकटीनं, कुणाला न विचारता, सगळी खाल्ली. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्या थांबल्या नाहीत.

"मी म्हटलं, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली," त्या म्हणाल्या. "आणि बघ, वाजली! पास."

सर गॅसपाशी पाठमोरे उभे होते. ते खूश असतील असं मला वाटलं. मला सोडायला जिन्यापर्यंत आले, तिथं म्हणाले, "दोन वर्षं मी काच लावून बघतोय मॅडम. आणि पास झाली ती चूक." आवाजात राग नव्हता. पण मला त्या क्षणी फार अपराधी वाटलं.

गुलमोहराचं ते लाकूड ओलं होतं. पंधरा दिवसांत गाजराला टोकापासून टोकापर्यंत भेग गेली. कणीक त्यात अडकू लागली आणि काकू पुन्हा केंद्रातल्या पोळ्या खाऊ लागल्या. सरांनी चांगली वाळलेली बाभूळ काढली. भेगाळलेल्या गाजराला इंच-इंचावर कॅलिपर लावून मापं घेतली, अंगठ्याचा खळगासुद्धा मापून घेतला, आणि नक्कल केली. रिजेक्ट. दुसरी केली. रिजेक्ट. तिसरी, चौथी, पाचवी. "काय कमी आहे ते तरी सांग," सर विचारायचे. काकू म्हणायच्या, "कमी काही नाही. फार शहाणं झालंय ते."

सरांना हे मनापासून पटलं. त्यांचा सिद्धांत असा झाला की चूक मापून करता येत नाही, ती चुकूनच झाली पाहिजे. आणि त्यांच्या हातून चूक होत नव्हती. आयुष्यभराच्या कसबाचा असा जाच होताना मी दुसऱ्या कुणाला बघितलेलं नाही.

त्याच सुमाराला ठाण्याचा मेळावा आला. माजिवड्याच्या एका हॉलमध्ये पुणे, नाशिक, पार बडोद्यापर्यंतचे हौशी कातकामवाले जमणार होते. नवरात्राचे दिवस. टेंभी नाक्याच्या बाजूनं येणारी मंडळी तिथल्या देवीच्या गर्दीत अडकली आणि सगळा कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. स्टेजवर लेथ, त्यावर कॅमेरा, मागे मोठा पडदा. सरांना पाऊण तास दिला होता. सेक्रेटरींनी पत्रिकेत छापलं होतं, 'प्रात्यक्षिक: पोकळ फुलदाणी'. आमच्या डोंबिवलीच्या माणसाचा हात आज सगळ्यांना दिसणार, म्हणून त्यांनी नवा झब्बा घातला होता. सरांनी दाराशीच त्या झब्ब्याच्या बाह्या दुमडायला लावल्या.

सर माईकपाशी गेले. "फुलदाणी मी करणार नाय," ते म्हणाले. "आमच्या मिसेसला डाव्या हाताचं लाटणं पाहिजे. ते मला जमत नाय. ह्या आमच्या मॅडमना एकदा जमलेलं, चुकून. त्या घाबरलेल्या म्हणून जमलं. मॅडम, वर या."

मी मंगळसूत्र काढून डॉक्टरबाईंच्या हातात दिलं. वर गेले. सरांनी लेथवर बाभूळ चढवली, माझ्या हातात पटाशी दिली आणि माईकवर म्हणाले, "आता घाबरून दाखवा."

दीडशे माणसं हसली. मी खरंच प्रयत्न केला. ते फिरते दात डोळ्यांसमोर आणले, दहावीचा गणिताचा पेपर आठवला, सासूबाई आठवल्या. पण पटाशी लाकडाला टेकली आणि हात आपलं काम करू लागला. डावीकडे गेला, उजवीकडे आला, आवाज एकसारखा, ढलप्या लांबच लांब. दीड वर्ष दर रविवारी सरांनी माझ्या शेजारी उभं राहून माझी भीती थोडी थोडी काढून घेतली होती, हे मला तिथं, स्टेजवर कळलं. सरांनी खिशातून कागदाची पट्टी काढली, लाटणं सोबत आणलेल्या काचेवर ठेवलं. पट्टी कुठंच आत गेली नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं सरळ लाटणं मी नको त्या दिवशी केलं होतं.

"पास," सर म्हणाले, एखादी वाईट बातमी द्यावी तसं. "शिकवलं ना मी. वाट लागली."

मी खाली येऊन आमच्या लोकांत बसले. पंधरा मिनिटं उरली होती. सरांनी दुसरा तुकडा चढवला. क्षणभर दोन्ही हातांकडे बघितलं आणि पटाशीची मूठ उजव्यातून काढून डाव्या हातात घेतली.

मला पुढचं बघवत नव्हतं. पटाशी धाडकन अडकली, लाकडाचा टवका उडून पडद्यावर आपटला. सरांनी परत टेकवली, परत अडकली. पडद्यावर त्यांचा चेहरा एवढा मोठा दिसत होता. घाम निथळतोय, दातांमध्ये जिभेचं टोक, पहिलीतलं मूल अक्षर गिरवताना धरतं तसं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ह्यांना बोलावलं कोणी? धड पटाशी धरता येत नाही." सेक्रेटरी कॅमेरा बंद करायला उठले, अर्ध्यावर गेले आणि परत येऊन बसले. पस्तीस वर्षांत ज्या माणसाचा जॉब परत आला नाही, तो दीडशे जाणकारांसमोर नवशिक्यासारखं काम करत होता, आणि थांबत नव्हता. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

शेवटी लेथ थांबला. एक गाजर तयार झालं होतं, खरबरीत, ठिकठिकाणी टवके गेलेलं. सरांनी सेक्रेटरींकडे हात पसरला.

"पेपर द्या."

सेक्रेटरींनी झब्ब्याच्या खिशातून पॉलिशपेपर काढून दिला. सर त्या लाकडाकडे वळले, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "माफ करा."

हॉलला काही समजलं नाही. थोड्या टाळ्या पडल्या, त्या वेळ संपल्याच्या. आम्हा दहा जणांना समजलं. सेक्रेटरी कितीतरी वेळ चष्मा पुसत होते.

संध्याकाळी मी आणि डॉक्टरबाई सरांबरोबर त्यांच्या घरी गेलो. काकूंनी डॉक्टरबाईंच्या मोबाइलवर सगळं प्रात्यक्षिक बघितलं. मग गाजर हातात घेऊन लाटायला बसल्या. पोळी फिरली, गोल झाली, तव्यावर टम्म फुगली. काकूंनी एक घास खाल्ला आणि सरांच्या तोंडाकडे बघितलं.

"रिजेक्ट," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडणार तोच डॉक्टरबाईंनी माझा पाय दाबला. सर म्हणाले, "ठीक. पुढच्या रविवारी बघू," आणि भोंगा वाजवून चहा मागितला.

चार दिवसांनी काकूंनी मला एकटीला बोलावलं. सर बाजारात गेले होते. टेबलावर पाच-सहा पोळ्यांची चळत होती आणि शेजारी ते रिजेक्ट गाजर, पीठ लागलेलं.

"तिसरंच बरोबर होतं," काकू म्हणाल्या. "बाभळीचं. हेही बरोबर आहे, सगळ्यात बरोबर. मेळाव्यातलं ते बघून पास म्हणणारच होते मी, अगदी ओठावर आलेलं. पण ह्यांच्याकडे बघितलं, तर दहा वर्षांनी लहान दिसत होते. अगं, मी पास म्हटलं की हे घरी बसणार. तुला माहीत नाही, दोन महिने माझ्या कॉटशी खुर्ची टाकून माझं तोंड बघत बसले होते. आजारानं नाही मेले, पण त्यानं मेले असते. मी ह्या लाटण्यानं रोज पोळ्या करते आणि केंद्रातल्या म्हणून वाढते. तू बोलू नकोस."

मी शब्द दिला. पण पोटात काही राहत नाही म्हणून घरच्यांनी माझी ख्याती केलेली, त्यामुळे पुढच्या रविवारी मी सरांची नजर टाळत होते. चहाच्या वेळी सरांनी मला बाजूला घेतलं. पिशवीतून तेच गाजर काढलं. घरून गुपचूप आणलेलं.

"वास घ्या."

घेतला. तेलाचा आणि कणकेचा.

"तेल किती प्यायलंय बघा. रिजेक्ट मालाला असा रंग येतो काय?" सर हसू दाबत होते. "तीस-पस्तीस वर्षं हिच्या हातचं खाल्लंय मॅडम. केंद्रातली पोळी म्हणून वाढते. मला काय कळत नाय? पण तुम्ही बोलू नका. ती रिजेक्ट म्हणते तोपर्यंत मला रविवारी बाहेर सोडते. नाहीतर म्हणेल, झालं ना काम, बसा घरी."

तर अशी मी दोघांच्या मधे, दोन्हीकडचं गुपित पोटात घेऊन, पुढची तीन वर्षं वावरले. सर महिन्याला दोन गाजरं करायचे, डाव्या हातानं. तो हात पुढे पुढे इतका तयार झाला की त्यांना पुन्हा चुका जमेनाशा झाल्या, आणि त्याबद्दल ते मनापासून कुरकुर करायचे. सोमवारी निकाल यायचा. रिजेक्ट. कोपऱ्यात ढीग वाढत होता. आम्ही कुणाच्या लग्नाला, वास्तुशांतीला त्यातली गाजरं भेट द्यायचो आणि लोक आम्हाला वेडे समजायचे.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. शनिवारी संध्याकाळी पिशवी भरून ठेवली होती, रविवारी उठले नाहीत. पिशवीत बाभळीचा एक तुकडा होता, दोन्ही टोकांना पेन्सिलीनं मध्य काढून ठेवलेला. सेक्रेटरींनी तो मला दिला. गाळा चालू राहिला. दाराशी कात्रीजवळ आता मी उभी असते, आणि मला दया येत नाही.

तो तुकडा मी महिनाभर तसाच ठेवला. मग एका रविवारी, सगळे गेल्यावर, लेथवर चढवला आणि डाव्या हातानं कातला. वाईट झालं. दोनदा अडकलं. मी लेथ थांबवला, रिकाम्या गाळ्यात मोठ्यानं माफी मागितली आणि पेपर लावला. मग तशीच काकूंकडे गेले.

सरांची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. काकूंनी दार उघडलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. कणीक मळलेली होती. मी गॅस पेटवला. काकूंनी लाटणं डाव्या हातात घेतलं, अंगठा जागा शोधत थोडा फिरला आणि बसला. पोळी फिरत गेली, गोल होत गेली. मी भाजली. जन्मात पहिल्यांदा भाजली, तरी फुगली. काकूंनी तूप लावून अर्धी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. आम्ही खाल्ली. काकू सरांच्या खुर्चीकडे बघत होत्या.

"रिजेक्ट," काकू म्हणाल्या.

"काय चुकलं, काकू?"

"ते तू शोध. पुढच्या रविवारी दुसरं घेऊन ये. आणि उशीर नको करूस, मी कणीक मळून ठेवीन."

"येते," मी म्हटलं, आणि आणखी एक पोळी मागितली.